सुरमईच्या भावामागचा हिशेब

नागपूर,
श्रावण, २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तू पुण्याहून आला होतास, तेव्हा मंगळवारी बाजारात सुरमईचा भाव ऐकून म्हणालास, "ना पेरणी, ना खत, ना पाटाचे पाणी, हे मासे धरणारे तर गब्बर झाले असतील." तिथल्या गर्दीत उत्तर देणे जमले नाही आणि घरी येईपर्यंत विषय निघून गेला. परंतु बँकेच्या मालवण शाखेत सहा वर्षे काढलेल्या माणसाला ते वाक्य सहज पचणारे नव्हते, म्हणून हे लांबलचक पत्र.

होडीचा हिशेब आधी सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. लहान होडीवर तीन-चार माणसे असतात. मासळी विकून आलेल्या पैशांतून प्रथम इंधनाचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे वाटे पडतात: प्रत्येक माणसाला एक, शिवाय होडीला, इंजिनाला आणि जाळ्याला त्यांचे त्यांचे. पगार कोणालाच नाही. जाळे रिकामे आले, तर वाटाही रिकामा आणि इंधनाची उधारी तेवढी डोक्यावर. मासा भरपूर मिळाला, तरी भाव ठरवणे होडीवाल्याच्या हाती नसते. किनाऱ्यावर लिलाव होतो, आणि इंजिन दुरुस्तीसाठी ज्या व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, त्यालाच माल द्यावा लागतो. त्यानंतर बर्फ, खोकी, ट्रक आणि दोन-तीन दलाल. तू ऐकलास तो भाव या सर्वांच्या पलीकडचा होता.

आमच्या बँकेच्या अर्जात 'मासिक उत्पन्न' असा एक रकाना असे. एका मध्यमवयीन गृहस्थाने तो पाहून मला अगदी सरळपणे विचारले, "सायबानू, खंयच्या म्हयन्याचा लिवू?" ऑक्टोबरमध्ये बांगड्याचा थवा लागला तर एका आठवड्यात महिन्याची कमाई होते आणि जून-जुलैत काहीच नाही, त्याने सरासरी काढावी तरी कशी? आम्ही नोकरदारांसाठी केलेल्या रकान्यात त्याला बसवू पाहत होतो, आणि तो बसला नाही म्हणून कर्ज नाकारले. नाकारणाऱ्यांत माझी सही होती. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना २०१८-१९ मध्ये लागू झाले आणि मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्याने यंदा एप्रिलमध्ये घेतला. तोवर मी निवृत्त होऊन इथे आलो होतो.

शाळेत आपण 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' घोकले होते, आठवते? नागपूरच्या उन्हाळ्यात बसून पाठ केलेल्या त्या व्याख्यांचा खरा अर्थ मला मालवणच्या किनाऱ्यावर कळला. शिडाच्या होड्या पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलईवर बाहेर जात आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत, असे तिथले वृद्ध सांगत. आता इंजिने आली, तरी वारा पाहिल्याशिवाय कोणी होडी पाण्यात लोटत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले ते ऐन हंगामात. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायका काहीच बोलत नव्हत्या. नुसत्या होड्या मोजत होत्या.

रापणीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. होडीतून मोठे जाळे अर्धवर्तुळात सोडत जातात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग कित्येक माणसे दोन बाजूंना उभी राहून ते ओढू लागतात. हे काम काही तास चालते. जाळे एकट्याच्या मालकीचे नसते, वाटेकऱ्यांचे असते; ओढायला हात लावणाऱ्यालाही काही ना काही मिळते. मीही एकदा दोर धरला, तर हाताला फोड आणि चार बांगडे असा वाटा पडला. दुसऱ्या दिवशी शाखेत पेन धरवेना.

आता खरे दुखणे. होडीच्या गिलनेटचा, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्याचा, आस (विणीतल्या छिद्राचा आकार) ठरलेला असतो. त्याहून लहान मासा निसटतो आणि मोठ्याचे डोके आत शिरत नाही. पर्ससीन जाळे आख्ख्या थव्याला वेढते आणि तळाची दोरी ओढून त्याचे तोंड बंद करते. त्यात लहान-मोठा असा भेद उरत नाही. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यास बंदी केली आणि २०२१ मध्ये राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातील दंडही वाढवले. तरीही रात्री क्षितिजावर लखलखाट दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. जिथे लहान होडी पोहोचते, तिथे येणारा थवा वाटेतच उचलला गेला, तर तिच्या वाट्याला काय उरणार?

आपल्याकडच्या ढिवर बांधवांशी तुलना करून पाहा. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत त्यांची सोसायटी ठेका घेते, रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडते आणि वाढलेला मासा काढते. तिथे तुझे पेरणीचे गणित लागू पडते. ठेक्याचे पैसे, गाळ आणि आटणारे पाणी ही दुखणी त्यांनाही आहेत. पण तलावाला पाळ असते आणि आत कोणी शिरले तर दिसते. समुद्रातल्या बारा सागरी मैलांच्या राज्य हद्दीला पाळ कोण घालणार?

ज्याचे कर्ज मी नाकारले, त्याला दर नारळी पौर्णिमेला मी फोन करतो. त्याने पुढे पतपेढीतून इंजिन घेतले. माझ्यावर त्याचा राग नाही, असे तोच म्हणतो. परवा म्हणाला, जाळी शिवून झाली आहेत, मुलगा गोव्यातल्या हॉटेलातून दहा दिवसांची रजा काढून आला आहे, पण वारा अजून बसलेला नाही. मुलगा रजेनंतर परत जाणार का, हे मी विचारले नाही.

दिवाळीत येशील तेव्हा सुरमईचा हट्ट धरू नकोस. वैनगंगेचे झिंगे मिळाले तर आणून ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
जुना वर्गमित्र