पंख बंद करण्याआधी बेलक्रँक तपासून घ्या

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता कंट्रोल लाइन विमानांच्या (तारांनी धरून गोल फिरवत उडवायच्या मॉडेल विमानांच्या) किटचे पंख जोडायला घ्यायचे आहेत. तोवर कोणीही पंखावर बाल्साचं आवरण चिकटवू नये, ही कळकळीची विनंती.

कारण बेलक्रँक, म्हणजे तारांची ओढ शेपटीवरच्या एलिव्हेटरपर्यंत पोचवणारी पंखातली छोटी तरफ. उडताना विमानाचा सगळा ओढा तिच्या एका खिळीवर येतो. खिळीची पट्टी नुसत्या झटपट गोंदाने लावू नका. इपॉक्सी वापरा आणि रात्रभर सुकू द्या. लीडआउटच्या, म्हणजे बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या, तारा फासळ्यांच्या भोकांतून कुठेही न घासता सरकल्या पाहिजेत. तारांच्या टोकाची हातातली मूठ वर कलली की एलिव्हेटर (शेपटीची हलणारी पट्टी) वर, हेही आत्ताच बघा. एकदा पंख बंद झाला की तो फोडण्यावाचून इलाज नाही, आणि फोडलेला पंख पुन्हा तसा सरळ होत नाही.

बाहेरच्या (वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूच्या) पंखाच्या टोकाला वजन ठेवायला जागा सोडा. तारांचा भार त्यानेच तोलला जातो.

पहिल्या उड्डाणाआधी प्रत्येक विमानाची, तारा आणि मुठीसकट, वजनाच्या १० पट ताण देऊन चाचणी होईल. मूठ मनगटाला बांधायचा पट्टा सक्तीचा. मैदानाजवळ विजेच्या तारा असतील तर उड्डाण होणार नाही.

येताना सपाट लाकडी फळी, टाचण्या आणि सँडपेपर आणा.