बर्डीवरच्या कूलरवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

एप्रिलमध्ये नागपुरात ‘आवाज न करणारा कूलर द्या’ म्हटलं की लोकांना आधी वाळ्याची ताटी आठवते. आम्हाला हवा होता संगणकाच्या प्रोसेसरवर बसणारा कूलर. तुम्ही मात्र प्रोसेसरचं मॉडेल विचारलंत, कॅबिनेटमधली जागा मोजायला लावलीत आणि तोवर एकही खोका उघडला नाहीत. आधी त्याचेच आभार.

आमच्या रायझन 5 5600 प्रोसेसरवर 65 वॉट लिहिलेलं असतं, पण मूळ सेटिंगवर तो 76 वॉटपर्यंत ओढतो. एवढ्याला सहा हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) डबल टॉवर, म्हणजे पातळ पत्र्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला कूलर, ही चैन. चार हीटपाइप आणि 120 मिमी पंख्याचा सिंगल टॉवर पुरतो, हे सांगून तुम्ही स्वतःचीच विक्री कमी केलीत! असे टॉवर साधारण 150 ते 160 मिमी उंच असतात. रॅम उंच असेल तर पंखा वर सरकवावा लागतो आणि तेवढीच उंची वाढते. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा बसत नाही तो याचमुळे.

सगळ्यात मोलाचं होतं ते पंख्याच्या वेगाचं. कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत 20 अंशांच्या खोलीत 60 वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात 40 अंशांच्या खोलीत 80 दाखवणारच. त्याची मर्यादा 90 आहे, घाबरायचं कारण नाही. पण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) पंखा 40 अंशांपासून चढायला लावला असेल, तर आपल्याकडे तो उन्हाळाभर घोंघावत राहतो. तुमची मांडणी अशी: 60 अंशांपर्यंत मिनिटाला 700 फेरे, 75 ला 1100, 85 ला पूर्ण वेग, आणि वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब. रायझनचं तापमान क्षणात उडी मारतं; विलंब नसला की पंखा सारखा चढतो-उतरतो, आणि एकसुरी आवाजापेक्षा हेच कानाला जास्त टोचतं. फेरे निम्मे झाले की आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो.

जुना कूलर सरळ वर ओढू नका, ही ताकीदही वेळेवर मिळाली. एएम4 मध्ये (आमच्या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये) कूलरखालची वाळलेली थर्मल पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपसून आणते आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं संगणक चालवून पेस्ट गरम करायची, मग बंद करून प्लग काढायचा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा आणि मगच उचलायचा. नव्याच्या तळाची फिल्म काढायची, वाटाण्याएवढी पेस्ट लावायची, स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळायचे.

राहिली धूळ. खिडकीतल्या कूलरच्या ओल्या झोतात कॅबिनेट ठेवायचं नाही आणि मार्चमध्ये ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, हे आता आम्ही कागदावर लिहून कॅबिनेटलाच चिकटवलंय.

आपले,
धरमपेठेतले आम्ही चौघे