खाणमंत्र्यांना खुलं पत्र: बाहेरचं म्हणजे नक्की कुणाच्या बाहेरचं?

मा. खाणमंत्री साहेब, नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. परवाच्या खाणीच्या जनसुनावणीत एका सल्लागाराने स्क्रीनवर खनिजाच्या ट्रकांच्या धुळीला 'एक्स्टर्नॅलिटी' म्हटलं, खाली मराठीत 'बाह्य परिणाम'. शेजारच्या काकींनी मला हळूच विचारलं, बाह्य म्हणजे बाहेरचं ना गो, मग ती आमच्या घरात कशी येते?

तो प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. अर्थशास्त्रात अर्थ सरळ आहे, व्यवहार दोघांचा पण झळ तिसऱ्याला आणि ती भावात धरलेलीच नाही. बाहेरचं म्हणजे हिशोबाबाहेरचं. (फायदाही असा असतो, शेजाऱ्याच्या कुळागरामुळे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेमुळे, आमच्या विहिरीला पाणी टिकतं, त्याचे आम्ही कुठे पैसे देतो.) पण बोलताना आपण बाहेरचं म्हणतो ते ज्याचा आपल्याशी संबंध नाही ते. आजी तर ताप उतरेना की म्हणायची बाहेरचं काहीतरी लागलंय, म्हणजे कुणामुळे ते कळत नाही. इथे कळतं साहेब, ट्रकचा नंबर दिसतो.

मे महिन्यात मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती, आगळाची म्हणजे कोकमाच्या रसाची तीन पुटं देऊन झालेली, चौथं बाकी, आणि त्याच दिवशी सकाळी खनिजाचे ट्रक सुरू झाले, दुपारी बघते तर तांबडी पूड त्या चिकट रसात घट्ट बसलेली, धुवावी तर रस जातो आणि न धुता तोंडात घालवत नाही. सगळी टाकली. त्या खनिजाच्या टनाच्या भावात माझी सोलं कुठे आहेत?

पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२० मध्येच मांडलंय की दुसऱ्याचं जेवढं नुकसान तेवढा कर ते नुकसान करणाऱ्यावर लावा, मग तो स्वतःच विचार करेल. आपल्याकडे खनिजासारख्या मालाच्या वाहतुकीवर २००० सालचा ग्रामीण सुधारणा आणि कल्याण उपकराचा कायदा आहे, केंद्राच्या खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज फाउंडेशन आहे. म्हणजे रस्ता आहे. पण उपकराचा दर ठरवताना रस्त्याकडेच्या एकातरी घरात धूळ मोजली का?

पुढच्या सुनावणीच्या कागदात 'बाह्य परिणाम' लिहू नका. खर्च कुठल्या वाड्यावर पडतो त्याचं नाव लिहा, समोर रुपयांचा आकडा लिहा, आणि तो कोण भरणार तेही. मे महिन्यात परत सोलं घालायची आहेत, त्याच्या आधी उत्तर द्या.

आपली,
रस्त्याकडेच्या घरातली एक बाई