चि. सौ. शैलास, अर्ज भरल्यानंतर

सांगोला, २ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शैला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या भाऊबीजेला बंडू तुझ्याकडे येतोय, त्याच्या हाती हे देतो. फोनवर तू "आप्पा, मीटिंग आहे, नंतर बोलू" म्हणतेस आणि माझाही आवाज उगीच चढतो. कागदावर तेवढा चढत नाही.

निवडणूक अधिकाऱ्यासमोर शपथ घेतानाचा तुझा फोटो सोन्याने मोबाइलवर दाखवला. तुझी आई म्हणाली, वाळलीय. मला तसं काही वाटलं नाही. पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म ऐनवेळी दुसऱ्याच्या हातात गेला आणि तू दहा सूचक गोळा करून विधानसभेला अपक्ष अर्ज भरलास, हे मी पारावर सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

मग सोन्या म्हणाला, आजोबा, आत्याचं प्रतिज्ञापत्रपण आयोगाच्या साइटवर आहे. वाचलं. गुन्हे निरंक. शिक्षण, गाडी, घर. आणि कर्जाच्या रकान्यात सोनेतारण. मागच्या पानावर दागिन्यांचं वजनही दिलंयस. पाटल्यांचं वजन मला पाठ आहे गं, त्या मीच उभं राहून घडवून घेतल्यात. आईला अजून बोललो नाही. चष्म्याशिवाय तिला मोबाइल वाचता येत नाही ते बरंच आहे.

असो. यावर जास्त लिहायचं नाही असं ठरवलंय.

कामाचं सांगतो. सोमवारी माघारीची मुदत संपेपर्यंत फोन येत राहतील, कोण कोण घरी येऊन बसेल. चहा दे, शब्द देऊ नकोस. चिन्ह मिळालं की पहिल्याच दिवशी हँडबिल छापायला टाक. अपक्षाचं चिन्ह लोकांच्या डोक्यात बसायला वेळ लागतो आणि हातात पंधरवडाच आहे. २० तारखेला तुझे पोलिंग एजंट सात वाजता नाही, साडेपाचला बूथवर पाहिजेत, मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, त्यांच्यासमोर झाला पाहिजे. संध्याकाळी झालेल्या मतांच्या हिशेबाची, नमुना १७ क ची, प्रत हातात पडल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. पोरं मतदान संपलं की जेवायला पळतात. आणि खर्चाची नोंदवही जावईबापूंकडे नको. त्यांचा स्वभाव मोकळा आहे. हिशेब ठेवणारं माणूस चिकट लागतं. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, मग पुढची निवडणूकही गेली.

आयोगाने चाळीस लाखांची मर्यादा घातलीय म्हणजे तेवढे घालवलेच पाहिजेत असं कुठं लिहिलंय? गाड्यांचं डिझेल, जेवणावळी, रात्रीची पाकिटं. समोरचा वाटतो म्हणून आपण वाटायचं आणि त्यासाठी पाटल्या... बघ, परत तिथंच आलो.

आबासाहेबांचं उदाहरण दिलं की तू चिडतेस, तरी देतो. १९६२ ला आबासाहेब गणपतराव देशमुख पहिल्यांदा निवडून आले, एकूण अकरा वेळा आमदार झाले, दोनदा मंत्री. तरी एसटीने जायचे. आम्ही घरून भाकरी बांधून प्रचाराला निघायचो, सायकलच्या दांडीला लाल बावटा. तू म्हणशील, तो काळ गेला, त्यांच्यामागे शेतकरी कामगार पक्ष होता, मी एकटी आहे. खरं आहे. पण १९९५ काही फार जुनं नाही. तुझं अक्षर सुंदर म्हणून मतदार चिठ्ठ्या तुला लिहायला बसवलं होतं, कंदिलाजवळ, शाई फ्रॉकला. आबासाहेब १९२ मतांनी पडले. घरात कुणी बोलेना आणि तू विचारलंस, "आप्पा, त्या १९२ मध्ये आपल्या गावचे किती?" नाना रागावला होता तुझ्यावर. मी नाही रागावलो. मला वाटलं, या पोरीला राजकारण कळतंय. ते मी तेव्हा बोललो नाही, आता लिहितोय.

१९९९ ला ते परत निवडून आले. त्यांच्यानंतर २०१९ ला नातू उभा राहिला, तो ७६८ मतांनी गेला. एवढं नाव, एवढी पुण्याई, तरी. पडायला मतं थोडीच लागतात, शैला. आबासाहेब पडले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात माणसं होती, सावकार नव्हता. नानाच्या दारात कोण होतं ते तू पाहिलंयस. पंचायत समितीचीच निवडणूक लढवली त्याने, केवढीशी ती. विहिरीजवळचं रान गेलं. काकू अजून हळदीकुंकवाला गेली की मनगट पदराखाली घेते.

हे वाचून तू पत्र बाजूला ठेवशील. ठेवू नकोस, माफ कर, म्हातारा माणूस एक गोष्ट चार वेळा बोलतो. तू माघार घ्यावीस असं मला अजिबात वाटत नाही. सरपंच असताना टँकर लावणाऱ्यांना तू हिशेब मागितलास, तेव्हा गावातले मोठे मोठे गप्प बसले होते. अशी बाई विधानसभेत जायला पाहिजे. तिथं २८८ बसतात, त्यातले टँकरचा हिशेब विचारणारे किती? अनामत जाईल असं कुणी म्हणालं तर हसून सोड. एक षष्ठांश मतं नाही पडली तर दहा हजार रुपये जातात, त्यात लाज कसली. मला अनामतीची काळजी नाही. मला त्या दुसऱ्या रकान्याची आहे.

बंडूबरोबर थोडे पैसे पाठवलेत, कांद्याचे आहेत. ते निवडणुकीच्या खात्यात देणगी म्हणून दाखव, माझं नाव लिहून. जेवणावळीत घालू नकोस. रात्री ड्रायव्हरला झोपू दे. तूही झोप.

तुझा,
आप्पा

ता. क. सोनेतारणाची मुदत किती महिन्यांची आहे आणि व्याज काय लावलंय, ते चिठ्ठीवर लिहून बंडूजवळ दे. पाकीट बंद करून दे, वाटेत तो आईला सांगून टाकेल.