तो श्रीयुत क्ष मीच

प्रिय मध्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. तुझ्या शिव्या पोचल्या असं समज. मी बरा आहे, गुडघा कुरकुरतो, ते सोड.

अण्णा अ‍ॅडमिट आहेत. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं. ताप आता उतरलाय, म्हणून लिहायला बसलो. परवा कल्चरचा रिपोर्ट आला. ई. कोलाय, आतड्यातला जंतू, तोही ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे पेनिसिलिनच्या गोतातली बरीच औषधं तोडणारं एन्झाइम बाळगणारा. खाली औषधांची यादी, आर म्हणजे न चालणारं, एस म्हणजे चालणारं: अ‍ॅम्पिसिलिन आर, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर, सिप्रो आर, को-ट्रायमोक्साझोल आर. परीक्षेच्या आदल्या रात्री तू गच्चीवर येरझारा घालत घोकत होतास ना, "भिंत, रायबोझोम, गायरेज, फोलेट", अँटिबायोटिक जंतूला जिथे धरतं त्या जागा? रायबोझोम सोडून तीच यादी, पुढे आर लावलेली. तळाशी तीनच एस: अमिकॅसिन, मेरोपेनेम, नायट्रोफ्युरँटॉइन.

दादा म्हणाला, नायट्रोफ्युरँटॉइनची तर गोळी मिळते, मग सुया कशाला? त्याला सांगितलं, ते लघवीत साठतं, किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. अमिकॅसिन या वयात किडनी आणि कान दोन्हींवर उठायची भीती. राहिलं मेरोपेनेम. गंमत बघ, तेही पेनिसिलिनच्याच गोतातलं, तेच चौकोनी बीटा-लॅक्टम कडं. तू म्हणायचास, पेनिसिलिन जंतूवर हल्ला करत नाही, भिंत बांधणाऱ्या गवंड्याचा हात धरून ठेवतं. मग पाणी आत शिरतं आणि जंतू स्वतःच फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो. ईएसबीएलवाले ते कडंच तोडतात. मेरोचं कडं त्यांना सहसा तुटत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत मेरो 'वॉच' गटात आहे, म्हणजे जपून वापरायचं. त्याच्या पलीकडे 'रिझर्व्ह', शेवटचा उपाय म्हणून राखलेली, कोलिस्टिन वगैरे. तिथवर जायची वेळ आली तर, या विचाराने रात्री झोप नाही.

(क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक जंतूंना नुसतं रोखतं की मारतं, यावरून आपला दोन दिवस अबोला होता. न्यूमोकॉकसला आणि मेनिंगोकॉकसला मारतं. मी बरोबर होतो. आजही आहे.)

आता खरं सांगतो. गेली पाच वर्षं अण्णांच्या दर सर्दीला मी सिप्रो देत आलो. तीन दिवस, बरं वाटलं की बंद, उरलेली पट्टी पुढच्या सर्दीला. डॉक्टरला कशाला त्रास, आपण शिकलोय ना! सर्दी विषाणूची. त्याला ना भिंत, ना रायबोझोम, ना गायरेज. गोळी धरणार कशाला? ती लागली आतड्यातल्या जंतूंना. साधेभोळे मेले, निबर उरले. सिप्रोला न जुमानणं आणि ईएसबीएल, दोन्ही एकाच जंतूत कितीदा जोडीने नांदतात ते तुला मी काय सांगू.

फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानात सांगितलेला श्रीयुत क्ष आठवतो? घसा दुखतो म्हणून आपल्या मनाने पेनिसिलिन घेतो, जंतू मरण्याइतकं नाही, सरावण्याइतकं. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, ती जाते. केवढे हसलो होतो आपण त्या क्षला!

डॉक्टरांनी विचारलं, आधी कोणती अँटिबायोटिक्स झालीत? मी "अधूनमधून" म्हणालो. एवढंच. ही म्हणते, जंतू कुठूनही आला असेल, स्वतःला का खातोस. असेलही. पण तू असं म्हणणार नाहीस, म्हणून तुलाच लिहितोय. उद्या डॉक्टरांना सगळं सांगणार आहे, डोस आणि दिवसांसकट. तुला लिहिलं की मागे फिरता येत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा हात बसला का? पिंकीला पास झाल्याबद्दल शाबासकी, उशिरा का होईना.

काल अण्णा सलाइनकडे बघत म्हणाले, "एवढं कशाला रे, तुझ्या त्या गोळ्यांनी मला दर वेळी चार दिवसांत बरं वाटायचं." मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो.

फोन कर. शिव्या दे.

तुझा,
बाळ्या