नुसती गर्दी म्हणजे निवह नव्हे

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील वाचकांनी कल्पिलेल्या सजीवांचे सदर मी आवडीने वाचतो. गेल्या पुरवणीत समुद्राहून कितीतरी खाऱ्या तळ्यात राहणारा वसाहती प्राणी आला होता. चित्र सुरेख होते. मात्र त्यातले हजार जीव अगदी एकसारखे, आपापले खाणारे, केवळ एकमेकांना चिकटलेले असे दाखवले होते आणि मिठापासून त्यांचे रक्षण एक जाड कवच करत होते. हे मला पटले नाही.

निवह, म्हणजे जीवशास्त्रातील वसाहत, ही गर्दीहून वेगळी असते. प्रवाळातील पॉलिप, म्हणजे त्यातले एकेक छोटे जीव, बहुधा एकसारखे असतात, तरी ते ऊतीने जोडलेले असल्यामुळे एकाने पकडलेले अन्न शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. फायसेलिया, म्हणजे जेलीफिश समजला जाणारा पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, याच्याही पुढे गेला आहे. एकाच फलित अंड्यापासून मुकुलनाने, म्हणजे कळ्या फुटत जाऊन, वाढलेल्या या निवहाचा एक भाग वायूने फुगून तरंगतो, काही जीवक (निवहातले एकेक घटक जीव) लांब दोऱ्यांसारखे होऊन भक्ष्याला दंश करतात, काही ते पचवतात, तर काहींकडे केवळ प्रजनन असते. श्रमविभागणी इतकी पक्की की सुटा जीवक निभावूच शकत नाही.

आता मिठाविषयी. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. काही तळ्यांत ते याच्या कितीतरी पट असतात. तिथली खरी अडचण अशी की परासरणामुळे पेशीतले पाणीच बाहेर ओढले जाते. ड्युनॅलिएला हे शैवल पेशीत ग्लिसरॉल साठवून हा तोल सांभाळते. काही सूक्ष्मजीव पोटॅशियमचे क्षार भरून घेतात, आणि त्यांची प्रथिने खारेपणाशी इतकी जुळलेली असतात की गोड्या पाण्यात ती टिकत नाहीत. आर्टेमिया हा चिमुकला कवचधारी प्राणी खारे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांसारख्या अवयवांतून बाहेर टाकतो. या कामाला सतत ऊर्जा लागते. शिवाय पाणी जितके खारे, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे जाड कवच त्या प्राण्याला घुसमटवणारेच ठरेल.

म्हणून कल्पक वाचकाला माझे सुचवणे असे की मीठ बाहेर टाकण्याचे काम काही जीवकांनाच द्यावे. त्यांना तोंड नको, प्रजननेंद्रिये नकोत. सामाईक नलिकेतून पोषण मिळाले की पुरे. निवहाचे शरीर पातळ पानांसारखे असावे, म्हणजे ऑक्सिजन मिळेल. तळे आटले तर तग धरण्यासाठी, गोड्या पाण्यातील ब्रायोझोआ हे वसाहतीने राहणारे चिमुकले प्राणी बनवतात तशा सुप्त कळ्या द्याव्यात. असा प्राणी मला खरोखर जिवंत वाटेल.

हे फार दूरचे नाही. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवर समुद्राहून खारे आणि अल्कधर्मी आहे. तिथल्या एका एकपेशीय जीवाच्या पोकळ, चेंडूसारख्या वसाहतींच्या आत जिवंत जिवाणू राहतात, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. कल्पित प्राण्याच्या पोकळीतही असे भाडेकरू ठेवता येतील.

पुढच्या वेळी चित्राखाली प्रत्येक जीवकाचे काम आणि त्याला अन्न कोठून मिळते, एवढे दोन शब्द लिहायला वाचकांना सांगावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक