एलायझाने परत यायला नको होतं

प्रिय सई,

'माय फेअर लेडी'मध्ये एलायझा शेवटी हिगिन्सकडे परत आली नसती तर सिनेमा अर्धवट वाटला असता, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हा घाईत बोलणं राहून गेलं, म्हणून लिहिते. मला तो शेवट पटत नाही.

दोघं एकमेकांना शोभत नाहीत, हे माझं कारण नव्हे. हिगिन्स भाषाशास्त्राचा प्राध्यापक, एलायझा लंडनच्या कोव्हेंट गार्डनला फुलं विकणारी, वयातही बरंच अंतर. एवढ्यावरून कुणाला नाव ठेवायचं तर 'सैराट'च्या आर्ची-परश्यालाही ठेवावं लागेल. पाटलाच्या त्या पोरीला हैदराबादच्या वस्तीतला वाससुद्धा सोसत नाही. मग ती कारखान्यात कामाला लागते, परश्या डोसे घालतो, कडाक्याची भांडणं होतात आणि तरी संसार उभा राहतो. त्यांच्या जिवावर उठतात ती तिच्या घरची माणसं. ती जोडी विजोड होती असं मला कधीच वाटलं नाही.

हिगिन्सचं तसं नाही. पार्टीहून परतल्यानंतरचा प्रसंग पुन्हा बघ. एलायझाला बडी बाई म्हणून खपवण्याची पैज जिंकल्याच्या आनंदात तो आणि त्याचा मित्र कर्नल पिकरिंग एकमेकांची पाठ थोपटत असतात. नोकरचाकरसुद्धा त्याचंच कौतुक करतात. जिने सहा महिने घसा फोडून ही पैज जिंकून दिली, ती एलायझा त्याच खोलीत बाजूला उभी आहे आणि तिला कुणी एका शब्दाने विचारत नाही. तो सपाता शोधत येतो तेव्हा ती त्याच सपाता त्याच्या अंगावर भिरकावते. आता माझं काय होणार, मी कुठे जायचं, हा तिचा खरा प्रश्न. त्यावर तो म्हणतो, आई तुझं कुठेतरी लग्न लावून देईल. ती उत्तर देते की मी फुलं विकत होते, स्वतःला विकत नव्हते. इतकं सरळ, इतकं स्वाभिमानी बोलणारी मुलगी शेवटी त्याच दारात येते आणि तो टोपी डोळ्यांवर ओढून विचारतो, माझ्या सपाता कुठे आहेत? त्याच्यात काय बदललं, सांग मला. तिच्या आवाजाच्या रेकॉर्ड लावून तो एकटा बसतो, त्याला तिची सवय झालीये, हे मला दिसतं. पण समोर आल्यावर तिला दोन शब्द नीट बोलावेत, एवढंही त्याला जमत नाही.

त्यांच्यात काहीच नव्हतं, असं मात्र मी म्हणणार नाही. मध्यरात्र उलटून गेलेली, सगळे थकलेले, आणि अचानक तिच्या तोंडून उच्चार बिनचूक येतो. मग हिगिन्स, पिकरिंग आणि ती खोलीभर नाचतात. तो आनंद अस्सल आहे. मीही दरवेळी हरखून जाते.

मूळ नाटक लिहिणाऱ्या बर्नार्ड शॉचा जन्मभर हाच झगडा होता. 1914 साली लंडनमध्ये 'पिग्मॅलियन' आलं, तेव्हा हिगिन्स करणारा बीअरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं टाकायचा. प्रेक्षक खूश, शॉ संतापलेला. मग 1916 मध्ये शॉने नाटकाला लांबलचक पुरवणी जोडली. तिच्यात एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते, कर्नलच्या पैशांवर एका रेल्वे स्टेशनच्या आर्केडमध्ये फुलांचं दुकान काढते. सुरुवातीला हिशेब जमत नाहीत म्हणून नवरा-बायको चक्क क्लासला जातात! मला हा भाग फार आवडतो. फुलांच्या दुकानात काम करणं हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं स्वप्न होतं. त्यासाठीच तर ती शिकवणीचे पैसे घेऊन हिगिन्सच्या दारात आली होती. 'पिग्मॅलियन'वरच्या 1938 च्या चित्रपटाने शॉचा शेवट बाजूला ठेवून तिला हिगिन्सकडे परत आणलं. पुढे 1956 च्या संगीतिकेत आणि तू पाहिलेल्या 1964 च्या सिनेमात तोच शेवट आला.

आपल्याकडे पु.लं.नी याच नाटकावरून 'ती फुलराणी' केलं. 1975 साली ते आलं, आणि लोकांच्या तोंडी राहिलं ते मंजुळेचं, म्हणजे त्यातल्या एलायझाचं, 'तुला शिकवीन चांगलाच धडा'. भक्ती बर्वेंच्या त्या स्वगतात राग आहे, स्वप्नं आहेत, अपमान गिळलेला आहे. तेवढं एक स्वगत ऐकलं तरी ही मुलगी कुणाच्या सपाता उचलायला थांबेल असं वाटत नाही.

फ्रेडी फिका आहे, हे तुझं म्हणणं मान्य. तिने त्याच्याशीच लग्न करावं असाही माझा हट्ट नाही. पण एलायझा स्वतः काय म्हणते ते ऐक: पिकरिंगने पहिल्याच दिवशी मला 'मिस डूलिटल' म्हटलं, तिथून माझा स्वतःबद्दलचा आदर सुरू झाला. उच्चार हिगिन्सने शिकवले, त्याचं श्रेय ती त्याला देते. आदर तिला दुसऱ्याकडून मिळाला. ज्या घरात तो मिळत नाही, तिथे ती राहायला परतते आणि सिनेमा त्याला सुख म्हणतो. तुला तिथे गोड वाटलं. मला तिची काळजी वाटली.

दिवाळीत येशील तेव्हा 1938 चा सिनेमा मिळवून एकत्र बघू. त्याआधी शॉची ती पुरवणी वाचून ये, आणि हिगिन्सची बाजू मांडायची असेल तर त्याच्या तोंडचं एखादं वाक्य शोधून आण, ज्यात तो एलायझाला तिला काय हवंय ते विचारतो.

तुझी,
आई